बिडी सुटल्यानंतरचा दमा

धूम्रपान सोडल्यानंतर दोन-चार आठवड्यांत खोकला, छातीतील घरघर आणि धाप वाढल्याची तक्रार घेऊन येणारा दम्याचा रुग्ण प्रत्येक फॅमिली डॉक्टरच्या परिचयाचा आहे, आणि बहुतेक वेळा तो स्वतःचे निदान स्वतःच करून आलेला असतो. बिडी होती तोवर कफ सुटत होता, पोट साफ होत होते, बिडी गेली आणि छाती भरली, असा त्याचा हिशेब असतो आणि घरातील थोरली माणसेही त्याला दुजोरा देतात. दवाखान्यात या तक्रारीला सामान्यतः दोनच उत्तरे मिळतात : एक तर ‘फुप्फुसे साफ होत आहेत, थोडी कळ काढा’ असा दिलासा, नाही तर साल्ब्युटामॉलच्या पंपाची वाढीव मात्रा. दोहोंतही रुग्णाला नव्याने तपासण्याचे काम राहून जाते आणि महिन्याभरात तो पुन्हा पानटपरीवर उभा दिसतो. वस्तुतः धूम्रपान थांबले की काही औषधांचा शरीरात निचरा होण्याचा वेग बदलतो, दम्याच्या मुख्य औषधाला मिळणारा प्रतिसाद बदलतो आणि नेहमीच्या उपकरणांवर दिसणाऱ्या आकड्यांचा अर्थही बदलतो. तेव्हा जुनीच चिठ्ठी पुढे चालू ठेवणे, हीच या टप्प्यावरील सर्वांत सार्वत्रिक चूक म्हणावी लागते.

रुग्णाच्या हिशेबाला पुराव्याचा आधार नाही, हे आधी स्पष्ट व्हावे. अमेरिका आणि कॅनडा येथील दहा केंद्रांत ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लंग हेल्थ स्टडी’त, धूम्रपान सोडलेल्यांची एफईव्ही-१, म्हणजे पूर्ण श्वास भरून जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे माप, पहिल्या वर्षी किंचित वाढलेली आढळली. पुढे अकरा वर्षांच्या पाठपुराव्यात ओढणे चालू ठेवलेल्या पुरुषांची ही क्षमता दर वर्षी सरासरी ६६ मिलिलिटरने घटत गेली, तर कायमचे सोडलेल्यांची ३० मिलिलिटरने. खोकला, कफ आणि घरघर ही लक्षणेही सोडणाऱ्यांत कमी झाली आणि त्यातील बराचसा फरक पहिल्याच वर्षात पडला. हे लोक मुख्यतः सीओपीडीच्या, म्हणजे श्वासमार्गाच्या कायमस्वरूपी अवरोधाच्या वाटेवरचे होते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ग्लासगो येथे दम्याच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लहानशा अभ्यासात, सिगारेट सोडलेल्या दहा जणांची एफईव्ही-१ सहा आठवड्यांत, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत, सरासरी ४०७ मिलिलिटरने सुधारली. दहा ही संख्या लहानच, पण दम्यावरील नव्या औषधाने एवढी सुधारणा दाखवली असती तर तिचा किती गाजावाजा झाला असता, याचा विचार करण्यासारखा आहे.

‘फुप्फुसे साफ होत आहेत’ हे स्पष्टीकरण सर्वस्वी खोटे नाही. श्वासनलिकांच्या अस्तरावरील सूक्ष्म केसांसारखे तंतू, म्हणजे पक्ष्माभिका, धुराने आखूड आणि मंद झालेल्या असतात; धूर थांबल्यावर त्या पुन्हा कामाला लागतात आणि साचलेला कफ वर ढकलू लागतात, असे मानले जाते. मात्र या स्पष्टीकरणाने फार तर काही आठवड्यांच्या ओल्या खोकल्याचा उलगडा होतो. रात्री दोन-तीनला जाग आणणारी धाप, जिना चढताना थांबावे लागणे किंवा रोज लागणारा आराम देणारा पंप, यांचा उलगडा त्याने होत नाही आणि अशा रुग्णाला कळ काढायला सांगणे म्हणजे अनियंत्रित दमा तसाच सोडून देणे होय.

सर्वांत दुर्लक्षित कारण चिठ्ठीवरच लिहिलेले असते. थिओफायलिन आणि एटोफायलिन यांच्या जोडगोळीच्या गोळ्या आपल्याकडे आजही सर्रास दिल्या जातात. थिओफायलिनचा निचरा यकृतातील सीवायपी १ए२ या विकराद्वारे होतो आणि तंबाखूच्या धुरातील, जळताना तयार होणारी बहुचक्रीय हायड्रोकार्बन संयुगे या विकराचे प्रमाण वाढवून ठेवतात. त्यामुळे बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला हे औषध अधिक मात्रेत लागते आणि तेवढे दिलेही गेलेले असते. धूर थांबला की काही दिवसांतच विकर पूर्वपदावर येऊ लागते, आठवड्याभरात औषधाचा निचरा सुमारे एक तृतीयांशाने मंदावतो, आणि काल योग्य असलेली मात्रा आज जास्त ठरते. उपयुक्त आणि विषारी पातळी यांत या औषधाचे अंतर मुळातच थोडे असल्याने मळमळ, हातांना कंप, धडधड आणि झोप उडणे ही लक्षणे दिसू लागतात, जी रुग्ण ‘जीव घाबरा होतो, दम लागतो’ अशा शब्दांत सांगतो. त्यात खोकला वाढला म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू केले, तर तेही याच विकराला अडवत असल्याने पातळी आणखी चढते. म्हणून बिडी सुटल्याच्या पहिल्याच आठवड्यात थिओफायलिनची मात्रा एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाने कमी करावी, आणि मुळात ते हवेच आहे का, हेही त्याच वेळी ठरवावे. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. निकोटिनची चघळगोळी किंवा पट्टी चालू असली तरी मात्रा कमी करावीच लागते. कॅफिनही याच वाटेने शरीराबाहेर जाते, त्यामुळे बिडीची तलफ भागवण्यासाठी दिवसाला आठ-दहा कप चहा पिऊ लागलेल्या माणसाची धडधड निव्वळ दम्याच्या खाती टाकणे योग्य नाही.

धाप आणि निकोटिन सुटण्याची अस्वस्थता यांची गल्लत दोन्ही दिशांनी होते. ही अस्वस्थता पहिल्या दोन-तीन दिवसांत टोकाला जाते, दोन ते चार आठवडे टिकते, आणि तिच्यात वारंवार उसासे, छाती आवळल्याची भावना व श्वास पुरत नसल्याची जाणीव असू शकते. (पोट साफ न होण्याची तक्रारही खरीच असते; निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढलेली असते आणि ती काही काळ मंदावते.) अशा वेळी पीक-फ्लो मीटर, म्हणजे जोरात फुंकल्यावर हवेचा कमाल वेग दाखवणारी साधी नळी, आल्याच्या दिवशीच रुग्णाच्या हाती द्यावी आणि दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत उतरवायला सांगावे. धाप लागलेली असताना आकडा स्थिर असेल तर अस्वस्थतेवर उपाय हवा; दिवसभरातील चढउतार सरासरी दहा टक्क्यांहून अधिक असतील तर दमा ताब्यात नाही, असे समजावे.

कोविडनंतर घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरने मात्र नवा घोळ घातला आहे. धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तातील काही हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवलेले असते आणि बोटावरचे साधे यंत्र त्यालाही प्राणवायूने भरलेले समजून मोजते. त्यामुळे ओढत असताना दिसणारा आकडा खऱ्यापेक्षा चांगला असतो. धूर थांबल्यावर एक-दोन दिवसांत हा वायू निघून जातो आणि यंत्रावरचा आकडा तेवढाच राहतो किंवा किंचित उतरतो, तेव्हा पेशींना मिळणारा प्राणवायू प्रत्यक्षात वाढलेला असतो. पूर्वी ९८ दिसायचे, आता ९६ दिसते, म्हणून बिडीच बरी होती, असा युक्तिवाद करणाऱ्याला हे समजावून सांगण्यासाठी दोन मिनिटे काढलीच पाहिजेत.

ज्या औषधावर दम्याचा सारा उपचार उभा आहे, त्या श्वसनमार्गाने घ्यायच्या स्टेरॉइडचा प्रभाव धुरामुळे मंदावलेला असतो आणि धूर थांबल्यावर तो परतण्याची आशा असते. नेमक्या याच वेळी रुग्ण पंप बंद करतो. बिडीच सोडली तर पंप कशाला, आणि पंपाची सवय लागली तर काय, असा दुहेरी तर्क त्यामागे असतो. पहिले सहा आठवडे स्टेरॉइड मुळीच चुकवू द्यायचे नाही, हा नियम असावा. केवळ साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळण्याची पद्धत ‘जिना’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २०१९ पासून सोडून दिली असून ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलसारख्या संयुक्त पंपाला पसंती दिली आहे. बिडी सुटणे ही हा बदल करण्याची चांगली संधी होय.

माणसाने बिडी कधी आणि का सोडली, हा प्रश्नही विचारला जात नाही. पुष्कळ जण आधीच खालावलेली प्रकृती पाहून सोडतात, म्हणजे धाप आधीची असते आणि बिडी सुटणे नंतरचे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला रुग्णालयातून घरी जाताना बीटा-ब्लॉकर, अॅस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर मिळालेले असते. पहिले श्वासनलिका आवळू शकते, दुसरे काही दमेकऱ्यांत तीव्र झटका आणते, तर तिसऱ्याने दम्याशी संबंध नसलेली धाप लागते. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल तर थुंकीची क्षयासाठी तपासणी हवीच, आणि वजन उतरत असेल किंवा थुंकीतून रक्त येत असेल तर छातीचे चित्र पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये. दीर्घकाळ ओढलेल्या, चाळिशी उलटलेल्या माणसाचे ‘दमा’ हे जुने लेबल स्पायरोमेट्रीने पुन्हा पारखून घ्यावे. दमा व सीओपीडी एकत्र नांदताना पुष्कळदा आढळतात.

महाराष्ट्रात आणखी एक पेच आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. बिडी सुटली असे सांगणाऱ्याच्या खिशात त्यामुळे तंबाखू-चुन्याची डबी असण्याचा संभव मोठा असतो, आणि ‘सोडली का’ एवढ्याच प्रश्नाने ती बाहेर येत नाही. घरात मशेरी भाजली जात असेल, म्हणजे तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत परतली जात असेल, तर ओढणे थांबूनही तंबाखूचा धूर थांबलेला नसतो. शिवाय चूल असते, आणि रात्री बंद खोलीत डासांची उदबत्ती असते, जिच्यातून सूक्ष्म कणांचे उत्सर्जन ७५ ते १३७ सिगारेटींइतके होत असल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. पहाटे वाढणाऱ्या दम्याच्या रुग्णाला ही उदबत्ती उशाशी असते का, हे विचारण्यास कोणतीही तपासणी लागत नाही.

बिडी सोडण्याचा दिवस बहुधा आधी ठरतो. कोणी आषाढीला माळ घालून सोडतो, कोणी श्रावण धरून. तो दिवस रुग्णाकडून कळला की पुढच्या भेटी त्याच चिठ्ठीवर लिहून द्याव्यात : पहिली आठवड्याने, थिओफायलिन आणि धडधडीसाठी, दुसरी तिसऱ्या आठवड्यात, पीक-फ्लोची वही पाहण्यासाठी, तिसरी सहाव्या आठवड्यात, स्पायरोमेट्रीसाठी. मधल्या काळात तलफ अनावर झाली तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा निःशुल्क क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, परंतु पाकीट टाकून दिलेल्या माणसाकडे तो उरत नाही, म्हणून तोही चिठ्ठीवर असावा.