न पिताही झोकांड्या

सकाळची वेळ, पोटात थेंब नाही, तरी माणूस पाय फाकवून, भिंतीला हात लावत चालतो. ‘उतरली नाही अजून,’ असं म्हणून लोक मोकळे होतात. कोरीटसारखं खेडं काय नि नंदुरबार शहर काय, हा निकाल अनेकदा चुकीचा असतो.

वर्षानुवर्षांच्या दारूने तोल सांभाळणारा लहान मेंदू, विशेषतः त्याचा मधला भाग, झिजतो. त्यात ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता भर घालते. पायांच्या नसाही बधिरतात. मग डोळे मिटून तोंड धुतानाही माणूस कलंडतो. पावलापुढे पाऊल, टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालायला सांगा. दोन-चार पावलांत कळतं.

दारू सोडण्याची हाक इथे नवी नाही. याच नंदुरबार जिल्ह्यात, तळोदा तालुक्यातल्या मोरवडला, गुलाम महाराजांनी १९३०च्या दशकात आदिवासींमध्ये दारूबंदीची चळवळ उभी केली.

दारू सुटली की काही महिन्यांत चाल सुधारू शकते. पूर्ववत होईलच असं नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र दारू एकदम, स्वतःच्या मनाने सोडू नये. झटके येऊ शकतात. घरात कुणाची चाल बदलली असेल, तर टोमणे पुरे. नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात घेऊन जा.