आधी तलवार, मग नाव

नाथमाधवांवर माझा मुळीच राग नाही. सिंहगडाच्या कड्यावरून कोसळून ज्यांचं कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं, त्या माणसानं १९१३ साली 'वीरधवल' लिहून अख्ख्या महाराष्ट्राला घोड्यावर बसवलं! त्यांना सारं माफ आहे. माझं भांडण आहे ते त्या जातीच्या यच्चयावत कादंबऱ्यांतल्या द्वंद्वांशी.

रान असतं. समोरून अनोळखी स्वार येतो. आमच्या नारपोलीच्या गल्लीत समोरून कापडाच्या ताग्यांनी लादलेली हातगाडी आली, तर माणूस आधी बाजूला होतो आणि मग शिवी देतो. इथे मात्र 'कोण रे तू?' 'तुझा काळ!' की लागलीच खणाखणी. दहाजण चालून आले तरी ते एकेक करून येतात. रेशनच्या दुकानापुढेही इतकी शिस्त मी पाहिलेली नाही! शिवाय घाव घालता घालता नायक पल्लेदार वाक्यं बोलतो. आमच्याकडे यंत्रमागांच्या खडखडाटात 'चहा घेता का?' एवढं विचारायचं तरी माणसाच्या कानाशी तोंड न्यावं लागतं.

शेजारी एक चाचा राहतात. जन्मभर माग चालवलेला माणूस. त्यांना एकदा असलं एक प्रकरण मी हातवारे करून सांगितलं. शांतपणे म्हणाले, "तो सातवा शिपाई मेला, त्याच्या घरी कुणी कळवलं का?" मी पानं उलटून पाहिली. खरंच, नाही.

बरं, झुंज संपली की शिरस्त्राण निघतं आणि कळतं, अरेच्चा, हा तर आपला भाऊ! विलायतेतही तेच. मॅलरीची आर्थर राजाची कथा १४८५ साली छापली गेली. तीत बॅलिन दुसऱ्याची ढाल घेऊन लढतो, म्हणून सख्खा भाऊ बॅलन त्याला ओळखत नाही. दोघंही मरतात आणि वाचकानं हळहळायचं. मी म्हणतो, आधी नाव विचारायला जिभेला काय झालं होतं?

हे मी तावातावानं चाचांना ऐकवलं. ते बराच वेळ गप्प होते. भिवंडीत १९७० च्या मे महिन्यात दंगल झाली, १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा झाली. दोन्ही त्यांनी पाहिलेल्या.

"बेटा," ते म्हणाले, "इथं नाव आधीच विचारत होते."

तेव्हापासून बॅलिनला मी थोडी सूट देतो. पण त्या सातव्या शिपायाचं नाव मला अजून हवं आहे.