कोडचा तक्ता मराठीत द्या!

शेतकरी भावांनो, ज्वारी घेऊन नवी मुंबईत वाशीच्या बाजाराला निघालेल्या ट्रकचा इंजिनाचा दिवा लागला, ट्रक घाटात ओढ घेईना, तर खोळंब्याचा भुर्दंड शेवटी आपल्याच मालावर पडतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ट्रक आले. जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक नियम लागले. इंजिन संगणकाच्या ताब्यात गेले.

‘पी ००८७’ हा कोड एवढेच सांगतो की, रेलमध्ये डिझेलचा दाब कमी आहे. पंप गेला, असे तो म्हणत नाही. आधी फिल्टर, डिझेलमधले पाणी, नळीतली हवा पाहा. पान पिवळे दिसले की आपण लगेच युरिया ओततो काय?

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले. त्यात शेतीची यंत्रेही आहेत. आम्हाला तक्ता ट्रॅक्टरबरोबर हातात हवा, मराठीत.