रविवारची राइड रद्द करा

महिन्यातल्या एका रविवारी सिंहगडाला जाऊ नका. खडकवासल्याला नको, कात्रजच्या घाटातही नको. एवढीच मागणी आहे, आणि ती पुण्यातल्या सगळ्या सायकल ग्रुपांकडे आहे. माझाही ग्रुप त्यात आला. त्या दिवशी नेहमीसारखं साडेपाचला उठा, ते घट्ट कपडे घालायचे असतील तर खुशाल घाला, पण गेटबाहेर पडू नका. पंप, दोन टायर लिव्हर आणि तेलाची बाटली घेऊन आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरा.

तिथे काय आहे हे तुम्हाला माहीत आहे, रोज शेजारून जाता. खांबाला बांधलेल्या सायकली. एक पोराची, त्याची उंची वाढली म्हणून सुटलेली. एक बाबांची, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घेतलेली. २०२० च्या लॉकडाऊननंतर दुकानांत सायकली मिळेनाशा झाल्या होत्या, लोक नंबर लावून थांबले होते. त्या सायकली गेल्या कुठे, असा प्रश्न पडला असेल तर उत्तर बेसमेंटमध्ये आहे. सीटवर बोटभर धूळ, टायर चेपून जमिनीला लागलेले. वर्षातून एकदा कमिटीची नोटीस लागते, ‘बेवारस सायकली पंधरा दिवसांत हलवाव्यात’, आणि सोळाव्या दिवशी भंगारवाला त्या किलोवर घेऊन जातो. याच पार्किंगमध्ये एका सायकलीचे टायर मात्र बाराही महिने टणक असतात. ती वॉचमनकाकांची. ती बंद पडली तर ड्युटीवर यायला उशीर होतो आणि खाडा लागतो.

बाकीच्या सायकली कशाने गेल्या? अपघाताने नाही. फ्रेम मोडूनही नाही. हवेने गेल्या. ट्यूबचं रबर कितीही चांगलं असलं तरी त्यातून हवा हळूहळू झिरपत राहते. दोन महिने सायकल उभी राहिली की टायर बसतो. मालक अंगठ्याने दाबून बघतो आणि जाहीर करतो, ‘पंक्चर आहे’. दुकान लांब, ढकलत कोण नेणार, पुढच्या रविवारी बघू. तो रविवार काही उगवत नाही. बसलेल्या टायरवर वजन राहून त्याच्या कडा चिरतात, पावसाळ्यात चेन गंजते, ब्रेकची केबल आतल्या आत धरते. जे काम दोन मिनिटांच्या पंपाचं होतं, त्याला वर्षभरात नवे टायर, ट्यूब, चेन आणि केबल लागतात. मग माणूस हिशेब करतो आणि भंगारवाल्याला हो म्हणतो. सॉफ्टवेअरमध्येही असंच होतं. किरकोळ अपडेट दोन वर्षं ढकलत नेलं की एक दिवस सगळीच सिस्टिम नव्याने लिहायची वेळ येते. पण आम्हाला निदान त्याचा पगार मिळतो.

आणि हे दोन मिनिटांचं काम ज्यांना येतं, ते लोक त्या वेळी कुठे असतात? गडाच्या पायथ्याशी. चेनला मेण बरं की तेल यावर भांडत.

आता गैरसमज नको. ती भांडणं मला मनापासून आवडतात. आमच्यातल्या एकाने चेन वितळलेल्या मेणात बुडवायला चक्क वेगळा कुकर विकत घेतला. आठवडाभर त्याला प्रत्येकाने एकच विचारलं, ‘किती शिट्ट्या?’ दुसऱ्याने चढावर वजन कमी व्हावं म्हणून टायटॅनियमचे बोल्ट बसवले, तर त्याच्या मिसळीच्या ताटातला दुसरा पाव सर्वानुमते काढून घेण्यात आला. कुणाची चेन कुरकुरली की मागून आवाज येतो, ‘अरे, उंदराला पण हेल्मेट घाल.’ अशी थट्टा नसती तर पहाटे साडेपाचला माणसं उठलीच नसती.

पण ही थट्टा वाहते कुठल्या दिशेला ते बघा. कुकरवाल्याची थट्टा लाडाची असते, कारण त्याची सायकल महाग आहे. आमच्याकडे एक नवा मुलगा आला होता, कॉलेजच्या काळातली दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली जड सायकल घेऊन. तिचं लगेच नाव पडलं, ‘रणगाडा’. चेन इतकी कोरडी की चढावर तिचा आवाज पुढच्या वळणावर ऐकू जाई. दोन रविवार त्याला उंदीर, रणगाडा, दारूगोळा सगळं ऐकवून झालं. तिसऱ्या रविवारी तो आला नाही. त्या चेनला तेल द्यायला एक मिनिट लागलं असतं. आम्ही आठ जण होतो, आणि दोघांच्या सीटखालच्या पिशवीत तेलाची बाटली होती.

बायकांच्या बाबतीत तर वेगळाच प्रकार. राइडमध्ये एखादीची चेन पडली की तीन पुरुष हात काळे करायला धावतात. चेन बसते, टाळ्या होतात, आणि ती कशी बसवली हे तिला कुणीच दाखवत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच तीन हिरो.

हिरो तरी किती खरे? पंक्चर झालं की आधी फोटो ग्रुपवर, मग कॅब, मग सायकल दुकानात. चाकाला हात लावायला घाबरणारा माणूस मापं मात्र दशांश चिन्हापर्यंत पाठ म्हणतो. याच लोकांच्या टीशर्टवर ब्रेव्हेचं नाव असतं. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास, आणि नियम असा की सोबतच्या गाडीची मदत घ्यायची तर ती फक्त नेमून दिलेल्या कंट्रोल पॉइंटवर. मधल्या रस्त्यात तुमची सायकल आणि तुम्ही. हा खेळच स्वतःच्या हाताने सायकल चालू ठेवण्याचा आहे. आम्ही त्यातलं मेडल घेतलं आणि पाना ठेवून दिला.

वर सबब काय, तर ‘आमच्या सायकली वेगळ्या, या वेगळ्या.’ वेगळ्या काय आहेत? वॉचमनकाकांच्या सायकलीच्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच आहे. बारा गिअरच्या कार्बनच्या सायकलीतही अर्धाच इंच. रुंदी बदलली, धातू बदलला, किंमत तर कुठच्या कुठे गेली, पण अर्धा इंच तोच आहे. त्यामुळे दोन्ही चेन तपासायला शाळेतली बारा इंची पट्टी पुरते. शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. चेन नवी असेल तर बरोबर बारा इंचांवर पिनच येते. ती एक सोळांश इंच पुढे सरकली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश सरकली असेल तर बहुतेक मागची चक्रंही गेली. हे ज्ञान काही गुप्त ठेवण्यासारखं नाही, पण आम्ही ते चहाच्या टपरीवर एकमेकांनाच सांगत बसतो.

तर पार्किंगमध्ये उतरल्यावर पहिली गोष्ट हवा. किती, ते टायरच्या कडेवर उमटवलेलं असतं, तिथे बॅटरी मारून वाचा. भरा आणि अर्धा तास दुसरीकडे वळा. परत आल्यावर टायर टणक असेल तर पंक्चर नव्हतंच, आणि हे मालकाला त्याच्या मुलांसमोर सांगण्यात जरा मजा आहे. टायर बसला असेल तर ट्यूब काढा, पाण्याच्या घमेल्यात बुडवा, बुडबुडे शोधा. ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. बाभळीचा काटा आतच राहिला असेल तर कापूस तिथे अडकतो. तो काढला नाही तर उद्या तेच पंक्चर पुन्हा. आणि सोल्युशन लावल्यावर ते सुकू द्या. निम्मी ठिगळं घाईमुळे सुटतात.

मग चेन. आधी फडक्याने पुसा, मग प्रत्येक कडीवर एक थेंब, पॅडल उलटं फिरवत. दहा मिनिटांनी वरचं सगळं तेल पुन्हा पुसून काढा. तेल आत हवं, बाहेर राहिलेल्या तेलावर धूळ बसते. घरात शिलाई मशीनचं तेल असेल तर ते चालेल, मेणाचे पुजारी काहीही म्हणोत. मग ब्रेक. लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर केबलच्या टोकाची छोटी गोल नळी अर्धा-एक फेरा बाहेर काढा. पॅडल खोलायची वेळ आली तर डावं पॅडल उलट्या आट्यांचं असतं, जोर लावायच्या आधी हे सांगा. आणि पाना मालकाच्या हातात द्या, खास करून मालकीण असेल तर. तुम्ही फक्त बोट दाखवा आणि पाहिजे तेवढी थट्टा करा. शिकवताना केलेली थट्टा कुणाला लागत नाही.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. तुम्ही फुकट दुरुस्ती केलीत तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पोटावर पाय येणार नाही का? त्याच्या पोटावर पाय आधीच आला आहे. कितीतरी दुकानांची पाटी तीच आहे, पण आत स्कूटरच्या ट्यूबलेसचं सामान. सायकल नेली की उत्तर येतं, ‘आम्ही सायकलचं घेत नाही.’ का घ्यावं त्याने? बेसमेंटमध्ये उभी असलेली सायकल कुणाचंच गिऱ्हाईक नसते. ती रस्त्यावर आली तर सहा महिन्यांत तिच्या चाकाचा आऊट काढावा लागेल, छर्रे बदलावे लागतील, ओव्हरहॉलिंग करावं लागेल. ती कामं तुमच्याआमच्या आवाक्यातली नाहीत, त्याच्या आहेत. शक्य असेल तर त्या रविवारी त्यालाच बोलवा, आणि त्याची दिवसभराची पूर्ण मजुरी मिसळीच्या वर्गणीतून द्या. आमच्या ग्रुपचा एका नाश्त्याचा खर्च मला माहीत आहे. परवडतं.

दुसरा आक्षेप रस्त्यांचा, आणि तो खराच आहे. महापालिकेने २०१७ मध्ये सायकलींचा आराखडा मंजूर केला, आणि आजही ट्रॅकवर गाड्या लावलेल्या दिसतात. त्यासाठी भांडायलाच हवं. पण ‘या ट्रॅकवर कुणी फिरकतच नाही’ असं कुणी म्हणालं, तर आम्ही त्याला काय दाखवणार? रविवारी पहाटे घाटात काढलेला ग्रुप फोटो? मंगळवारी सकाळी नऊ वाजता क्लासला जाणारी पोरं आणि दळण आणायला निघालेले आजोबा सायकलवर दिसले, तर त्या म्हणण्यातली हवा निघते. ही माणसं काही नवी आणायची नाहीत. ती आहेत, त्यांच्या सायकलीही आहेत.

म्हणजे पुढच्या महिन्यातला पहिला रविवार. सहा वाजता नको, सोसायटीतली माणसं आठपर्यंत खाली येत नाहीत. घमेलं मागायला लाजू नका, ज्या घरात फरशीचं काम झालंय तिथे असतंच. फडकी घरून जुन्या बनियनची आणा, दुकानातली ती मऊ निळी नकोत. तीन वर्षं उभ्या असलेल्या पहिल्याच चेनला तुमची अख्खी गठडी लागणार आहे.