पासबुकामागचा गोंधळ

जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त होणारा माणूस फंडाची रक्कम डोळे मिटून बँकेत ठेवतो. 1992 साली अशाच ठेवींवर चालणाऱ्या बँकांचे सुमारे 4,000 कोटी रुपये हर्षद मेहता व इतर दलालांच्या व्यवहारांत अडकले. हाती रोखे नसताना नुसत्या पावत्या फाडणारी बँक ऑफ कराड तर बुडालीच. रिझर्व्ह बँकेची समिती चौकशी करत होती. पण विरोधकांना ते पुरेसे वाटेना. तेव्हा लोकसभेत विरोधी पक्षनेते लालकृष्ण अडवाणी होते. उजवे-डावे सारेच अडून बसले नि ऑगस्टमध्ये संयुक्त संसदीय समिती नेमावी लागली. संसदेतल्या गोंधळाला नाके मुरडणाऱ्यांनी एवढे आठवावे! 1993 च्या डिसेंबरात समितीने अर्थखात्यावरही ठपका ठेवला. अर्थमंत्री मनमोहन सिंगांनी राजीनामा देऊ केला. पंतप्रधान नरसिंह रावांनी तो स्वीकारला नाही.