ढगावर झोत टाकण्याआधी ढग मोजा

लेसरच्या झोताने आकाशात हस्तक्षेप करता येतो, हे आता प्रयोगांनी दाखवून दिले आहे. 2010 मध्ये जिनिव्हा विद्यापीठाचे जाँ-पिएर वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेघकक्षात आणि मग बर्लिनच्या मोकळ्या हवेत अतिशय तीव्र लेसर स्पंद सोडून बाष्पाचे सूक्ष्म थेंब तयार केले. 2021 च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडच्या सँटिस शिखरावर याच क्षेत्रातल्या संशोधकांनी 124 मीटर उंच मनोऱ्याशेजारून लेसर सोडून विजेला सुमारे 50 मीटर वाट दाखवली. दोन्ही कामे अव्वल दर्जाची आहेत. पण अहिल्यानगर जिल्ह्यात काम करणाऱ्या कृषी हवामान सल्लागारांनी आणि पाणलोट अभियंत्यांनी यावरून ‘लेसरचा पाऊस’ मागायला निघावे, असे आम्हाला वाटत नाही. या जिल्ह्याला प्रकाशतंत्राची गरज आहे आणि ती तातडीची आहे. मात्र ढग पिळण्यासाठी नव्हे, ढग मोजण्यासाठी.

याचे कारण आपल्या ढगांच्या घडणीत आहे. सह्याद्रीवर पाऊस सांडून आलेले वारे अकोल्याच्या घाटमाथ्यावरून पूर्वेला उतरतात. घाटघर-रतनवाडीला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तर पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी आभाळाकडे बघत राहतात. या पर्जन्यछायेत पावसाळ्यात ढग दिसत नाहीत असे नाही. दिसतात, पण बरसत नाहीत. हवेत धूळ-धुराचे बारीक कण भरपूर असले की ढगातले बाष्प असंख्य लहान थेंबांत वाटले जाते. पावसाचा एक थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख ढगथेंब एकत्र यावे लागतात, आणि सगळे सारख्याच आकाराचे असले की ते एकमेकांवर आदळून मोठे होत नाहीत. अशा ढगाला हवे असतात थोडे मोठे कण. लेसर नेमके उलटे करतो. त्याच्या झोतात हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनपासून नायट्रिक आम्ल बनते आणि त्याभोवती अतिसूक्ष्म थेंब धरतात. म्हणजे ज्याची आधीच रेलचेल आहे, त्यातच भर पडते.

मोठ्या कणांचा उपाय आपल्या शेजारीच आजमावला गेला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 1973 ते 1986 या काळातल्या 11 पावसाळ्यांत बारामती परिसरात विमानातून मिठाचे कण फवारले. पाऊस सरासरी 24 टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष निघाला. याच संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये सोलापुरात केलेल्या ‘कायपिक्स’ प्रयोगात, निवडलेल्या छोट्या क्षेत्रात सरासरी 18 टक्के वाढ आढळली. या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो, तो विमानांमुळे नव्हे. कोणत्या वेळी फवारायचे आणि कोणत्या वेळी नाही, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले गेले. फवारलेल्या आणि न फवारलेल्या ढगांची तुलना झाली. सोलापुरात रडार आणि पर्जन्यमापकांचे जाळेही हाताशी होते. मोजणीची ही शिस्त नसेल, तर विमान उडाल्यावर पडलेला पाऊस विमानाचा की वाऱ्याचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: पाऊस पाडायला लागणारी सगळी ऊर्जा लेसरने पुरवायची नसते, निसर्गाला फक्त चालना द्यायची असते. खरे आहे. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. तेवढ्या बाष्पाचे पाणी होताना सुमारे सात लाख युनिट विजेइतकी उष्णता बाहेर पडते. सँटिसवरच्या लेसरची सरासरी शक्ती घरातल्या मिक्सरच्या तोडीची होती. हा ताळा फक्त व्याप्तीची जाणीव करून देतो. चालनेचा मुद्दा त्याने खोडला जात नाही. पण चालना मिळायला ढग तयार असावा लागतो. त्याचा तळ किती उंचीवर आहे, आत पाणी किती आहे, खालची हवा इतकी कोरडी तर नाही ना की थेंब वाटेतच विरून जातील? हे कळल्याशिवाय चालना देणे अंदाजाने तीर मारण्यासारखे आहे, मग साधन लेसर असो की मीठ. दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा: ऑगस्टमध्ये बाजरी-तूर माना टाकत असताना मोजत काय बसायचे? त्याची घाई आम्हाला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच सांगतो की पावसाच्या ऐन खंडात घाईने विमाने मागवण्यात पैसा सर्वाधिक वाया जातो, कारण तेव्हा फवारणीयोग्य ढगच दुर्मीळ असतात. कोणत्या आठवड्यात ते मिळतात, हे आधीच्या वर्षांच्या नोंदींतूनच कळेल.

मोजण्याची साधने अपरिचित नाहीत. सिलोमीटर लेसरचे स्पंद वर सोडून परतलेल्या प्रकाशावरून ढगाच्या तळाची उंची सांगतो. प्रकाशीय थेंबमापक लेसरच्या पट्ट्यातून पडणाऱ्या थेंबांचा आकार आणि वेग नोंदवतो. महाबळेश्वरला पुण्याच्या त्याच हवामानविज्ञान संस्थेची उंचावरील मेघभौतिकी प्रयोगशाळा 2012 पासून आहे. मात्र ती घाटमाथ्यावरचा ढग पाहते, जामखेडवर येऊन विरणारा नाही. अकोले, संगमनेर, राहुरी, अहिल्यानगर, जामखेड अशा पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या एका रेषेवर ही दोन साधने बसवावीत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने नोंदींची जबाबदारी घ्यावी, त्या सर्वांना खुल्या ठेवाव्यात, आणि निदान पाच पावसाळे त्यांत खंड पडू देऊ नये. मोजणीवर निर्णय घेणे या जिल्ह्याला नवे नाही. हिवरे बाजारने पावसाच्या आणि विहिरींच्या पातळीच्या नोंदींवरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यानुसार पिके ठरवली. तोच हिशेब आता जमिनीवरून आकाशापर्यंत न्यायचा आहे. कृत्रिम पावसाचा पुढचा प्रस्ताव जिल्ह्यापुढे येईल तेव्हा त्याला जोडून या पाच ठिकाणच्या नोंदी मागाव्यात, आणि त्या नसतील तर आधी त्यांच्यासाठी निधी मागावा, एवढी विनंती आम्ही जिल्ह्यातल्या आमच्या प्रत्येक व्यवसायबंधूला करतो.