गुलाबी रंगाची वकिली

मुलगी जात्याच गुलाबी रंगाकडे ओढली जाते, हा सिद्धान्त आमच्या सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं इतका दृढ झाला आहे कीं, त्याविषयीं शंका काढणारा अरसिक ठरतो. दुपटें गुलाबी, दप्तर गुलाबी, पाण्याची बाटली गुलाबी, वाढदिवसाचा केकही गुलाबी! आणि वर, ‘आम्ही कांहीं सुचविलें नाहीं हो, तिनेंच हट्ट धरला,’ ही मातापित्यांची साक्ष. साक्ष खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ती दुपट्यापासून सुरू न होतां हट्टापासून सुरू होते, एवढेंच आमचें म्हणणें.

बालकाची दृष्टि म्हणजे कोरी पाटी नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. रॉबर्ट फान्ट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९६३ सालीं दाखविलें कीं, पांच दिवसांच्या आंतील अर्भकही नुसत्या रंगीत पृष्ठापेक्षां चेहऱ्याच्या आकृतीकडे व रेखाकृतींकडे अधिक वेळ पाहतें. परंतु टक लावून पाहणें निराळें आणि ‘हें माझें’ म्हणून निवडणें निराळें.

या निवडीचाच प्रयोग व्हेनेसा लोब्यू व जुडी डीलोश या विदुषींनीं २०११ सालीं प्रसिद्ध केला. सात महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलांपुढें त्यांनीं वस्तूंच्या जोड्या मांडल्या. प्रत्येक जोडींतील एक वस्तु गुलाबी. दोन वर्षांच्या आंतील मुलामुलींत फरक दिसला नाहीं. दोन वर्षांच्या सुमारास मुली गुलाबी वस्तु अधिक वेळां उचलूं लागल्या, अडीच वर्षांस ती आवड स्पष्ट झाली. आणि (वकील मंडळी हें पान उलटून पुढें जातात) मुलगे मात्र वाढत्या वयाबरोबर गुलाबी टाळूं लागले. उपजत आवड दोन वर्षें दडून बसते व ‘मी मुलगी’ हें उमजण्याच्या वयांतच नेमकी प्रकट होते, असें ज्यांस मानावयाचें असेल त्यांनीं खुशाल मानावें. पण मग मुलग्यांस उपजत तिटकारा कोठून आला, याचाही खुलासा करावा. पेरू, व्हानुआतू व काँगो येथील बाजारापासून दूर राहिलेल्या समाजांतील मुलांची पाहणी २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. तेथें हा भेद आढळला नाहीं. ऑस्ट्रेलियांतील शहरी मुलांत आढळला.

खुद्द अमेरिकेंतही हा नियम सनातन नाहीं. १९१८ सालीं बालवस्त्रांच्या एका तेथील व्यापारी पत्रानें, गुलाबी रंग ठसठशीत म्हणून मुलग्यांस आणि निळा नाजूक म्हणून मुलींस साजतो, असा सल्ला दिला होता!

आणि आपल्याकडे? नवरीची अष्टपुत्री पिवळी, चुडा हिरवा, परकर-पोलक्याचा खण अंजिरी किंवा जांभळा. डाळिंबी, मोरपंखी, आमसुली, चिंतामणी, अबोली, गुलबक्षी असे शब्द ज्या घरांत सहज बोलले जात, त्या घरांतील मुलीपुढें आज एकच रंग ठेवावयाचा आणि तिनें तो उचलला म्हणजे तिच्या स्वभावाचा पुरावा सांपडला म्हणावयाचें, हा न्याय अजब आहे.

‘रंगच तो, त्यानें काय बिघडतें?’ असें कोणी विचारील. चार वर्षांच्या मुलानें गुलाबी पेला उचलावा आणि घरांतल्या चौघांनीं हंसून ‘अरे, तो ताईचा!’ म्हणावें, हें किती घरांत घडतें तें वाचकांनींच आठवून पाहावें. तो पेला त्यानें खालीं ठेवला, तेव्हां रंगापेक्षां अधिक कांहीं खालीं ठेवलें. पुढें त्याच रंगाचें फूल काढतांना तो रंगपेटींतली ती कांडी वगळतो, आणि आम्ही म्हणतों, पाहा, मुलग्यांची जातच निराळी.

गुलाबीवर बहिष्कार घाला, असें आमचें सांगणें नाहीं. तो रंग बिचारा निरपराध आहे. दुपटें घेतांना मात्र दुकानदार ‘मुलगा कीं मुलगी?’ असें विचारूं लागला, तर त्यास उत्तर न देतां सगळा गठ्ठा सोडावयास सांगावें.